कोच ठेवायचा की काढायचा?

निकाल बिघडला की पहिली कुऱ्हाड कोसळते ती प्रशिक्षकावर. खेळाडू तोच, मैदान तेच, संघटना तीच... बदलतो तो फक्त कोच! पानिपतच्या एका पोराने जग जिंकलं आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्या एका माजी गुरूला नारळ मिळाला. तो निर्णय बरोबर होता का? आणि असा निर्णय घ्यायचा तरी कशाच्या जोरावर?

पानिपत म्हटलं की मराठी माणूस आजही क्षणभर गप्प होतो. १४ जानेवारी १७६१ या दिवसाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या पुरून उरली आहे, आणि त्याबरोबर एक वादही. दोष कुणाचा? बोट बहुतेक वेळा सदाशिवरावभाऊंकडेच वळतं. वास्तविक अकराच महिने आधी, फेब्रुवारी १७६० मध्ये, याच भाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं होतं. तेव्हा ते कर्तबगार सेनापती होते. पानिपतावर मात्र रसद तुटली, लष्करासोबत हजारो बिनलढाऊ माणसांचा लबेदा होता, उत्तरेतले मित्र दूर राहिले. तरीही हिशोब मांडला गेला तो बव्हंशी एकाच माणसाच्या नावावर.

त्याच पानिपत शहरात आज एक मैदान आहे, शिवाजी स्टेडियम. नाव वाचून मराठी पाहुण्याचा ऊर भरून येतो. २०११ च्या सुमारास या मैदानावर एका गुबगुबीत पोराला त्याचे काका घेऊन आले. पानिपतपासून पंधराएक किलोमीटरवरच्या खंडरा गावातलं शेतकऱ्याचं एकत्र कुटुंब. घरच्या दुधातुपावर वाढलेल्या पोराचं वजन कमी व्हावं, एवढीच काकांची इच्छा. त्या मैदानावर जयवीर नावाचा एक तरुण भालाफेकीचा सराव करत असे. त्याने पोराच्या हातात भाला दिला. कुणी काही न शिकवता पोराने तो असा काही फेकला, की जयवीर बघतच राहिला. तो पोरगा म्हणजे नीरज चोप्रा. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

सहसा ठाऊक नसते ती मधली गोष्ट. जयवीरच्या हातून सुरू झालेला हा प्रवास एकाच गुरूच्या बोटाला धरून झालेला नाही. पानिपतमध्ये तेव्हा सिंथेटिक ट्रॅक नव्हता, म्हणून नीरज आणि त्याचे सवंगडी पंचकुलाच्या ताऊ देवीलाल स्टेडियमवर गेले. तिथे नसीम अहमद हे प्रशिक्षक लाभले. २०१२ मध्ये लखनौला ज्युनियर गटात त्याने ६८.४० मीटरची फेक केली. पुढे राष्ट्रीय शिबिरात ऑस्ट्रेलियाचे गॅरी कॅल्व्हर्ट भेटले आणि जुलै २०१६ मध्ये पोलंडमधल्या बिडगोश्च इथे ८६.४८ मीटरचा ज्युनियर विश्वविक्रम झाला. पण विक्रमाच्या पुढच्याच वर्षी कॅल्व्हर्ट भारत सोडून गेले. ज्या कोचने विश्वविक्रमवीर घडवला, त्यालाही आपल्याला टिकवता आलं नाही!

आणि मग आले उवे होन.

शंभरी गाठणारा माणूस

भालाफेकीच्या जगात होन यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावावा, असा हा माणूस. २० जुलै १९८४ रोजी बर्लिनमध्ये या पूर्व जर्मन खेळाडूने भाला १०४.८० मीटर फेकला. शंभर मीटर ओलांडणारा माणूस त्याच्याआधी झाला नव्हता, त्याच्यानंतरही झालेला नाही. भाला मैदानाबाहेर जाऊन कुणाला लागेल की काय, अशी धास्ती संयोजकांना वाटू लागली. १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याची रचना बदलून त्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला. भाला लवकर खाली यावा आणि टोकावर रुतावा, हा हेतू. नवे विक्रम पुन्हा पहिल्यापासून मोजले गेले. दैवदुर्विलास असा, की पूर्व युरोपीय देशांच्या बहिष्कारामुळे १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकला होन जाऊच शकले नव्हते.

असा माणूस २०१७ च्या अखेरीस भारताचा भालाफेक प्रशिक्षक झाला. पहिलं वर्ष तर सोन्याचंच. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत नीरजला सुवर्ण, फेक ८६.४७ मीटर. ऑगस्टमध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा सुवर्ण, फेक ८८.०६ मीटर. तेव्हा कुणी विचारलं असतं, ‘होन यांना ठेवायचं का?’ तर विचारणाऱ्यालाच लोकांनी वेड्यात काढलं असतं.

पण पदकं मिळत असतानाच गुरू-शिष्यांची वाट वेगळी होऊ लागली होती. मे २०१९ मध्ये मुंबईत नीरजच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यातून उठल्यावर त्याने होन यांच्याऐवजी दुसरे जर्मन तज्ज्ञ क्लाउस बार्टोनिट्झ यांच्याबरोबर सराव करायचं ठरवलं. बार्टोनिट्झ हे बायोमेकॅनिक्सचे जाणकार. म्हणजे शरीर कसं हलतं, जोर कुठून निघतो आणि कुठे वाया जातो, याचं शास्त्र जाणणारे. नीरजने पुढे कारण सांगितलं तेही मोठ्या अदबीने. होन सरांबद्दल आदर आहेच, पण त्यांची शिकवण्याची रीत आणि तंत्र आपल्याला मानवत नव्हतं, असा त्याचा सूर होता. ना आरोप, ना आदळआपट. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेकून त्याने टोकियोचं तिकीट मिळवलं. आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटरच्या फेकीने देशाला अ‍ॅथलेटिक्समधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण दिलं.

गंमत बघा, त्या संध्याकाळी देशभर अनेकांनी अभिनंदनाचे हार घातले ते होन यांच्याच गळ्यात! शंभर मीटरवाल्या गुरूचा चेला, ही गोष्टच अशी झकास होती, की खरी गोष्ट तपासायची कुणाला घाई नव्हती.

आणि मग नारळ

सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने जाहीर केलं, की होन यांच्याशी असलेला संबंध संपला. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आदिल सुमारीवाला हे मुंबईचे, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये धावलेले. होन यांची कामगिरी समाधानकारक नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं. बार्टोनिट्झ यांना मात्र ठेवण्यात आलं.

महासंघाची बाजू लंगडी होती, असं म्हणता येणार नाही. नीरज गेल्यावर होन यांच्याकडे मुख्यतः दोन मोठी नावं उरली, शिवपाल सिंग आणि अन्नू राणी. टोकियोत शिवपालचा भाला ७६.४० मीटरवर पडला, अन्नूचा ५४.०४ वर. दोघंही पात्रता फेरीतच बाहेर. अन्नूने त्याच वर्षी मार्चमध्ये पतियाळात ६३.२४ मीटर फेकलेला होता, म्हणजे ऐन मोक्याला नऊ मीटरची घसरण. होन गेल्यानंतर हीच अन्नू २०२२ च्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत सातवी आली, त्याच वर्षी राष्ट्रकुलमध्ये ब्राँझ जिंकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ६२.९२ मीटरच्या फेकीने सुवर्ण. आकडे महासंघाच्या बाजूने बोलतात.

पण होन यांचीही एक बाजू होती. ऑलिंपिक तोंडावर असताना, जून २०२१ मध्ये, त्यांनी वृत्तपत्राला मुलाखत देऊन तोफ डागली. आपल्यावर आणि बार्टोनिट्झ यांच्यावर दडपण आणून करारावर सह्या घेतल्या, खेळाडूंना हवा तो पूरक आहार वेळेवर मिळत नाही, परदेशी स्पर्धांची आखणी नीट होत नाही, अशा तक्रारी होत्या. क्रीडा प्राधिकरणाने त्या नाकारल्या. खरं-खोटं काहीही असो, करोनाच्या त्या दोन वर्षांत विमानं बंद, शिबिरं बंद, स्पर्धा रद्द, हे तर साऱ्या जगाने पाहिलं होतं. रसद तुटलेली असताना सेनापतीला जबाबदार धरायचं किती? पानिपताचा जुनाच प्रश्न!

अर्थात, तीच रसद नीरजलाही होती, आणि तक्रार न करता बार्टोनिट्झ यांनी त्यातूनच सोनं काढलं, असं उत्तर महासंघ देऊ शकतो. मात्र सगळ्या शिष्यांचा पिंड सारखा नसतो, आणि नीरजसारखा शिष्य शंभरात एक मिळतो, हेही विसरून चालणार नाही.

तेरा जणांना कसं काढणार?

ही डोकेदुखी काही आपल्याकडचीच नाही. ‘हेड कोच ठेवायचा का?’ हा प्रश्न जिथे दर हंगामाला चावडीवर चघळला जातो, असा एक खेळ म्हणजे रग्बी लीग. नेहमीच्या रग्बीतून १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागात फुटून निघालेला हा प्रकार. एका बाजूला तेरा खेळाडू. ऑस्ट्रेलियाच्या सिडनी, ब्रिस्बेन या शहरांत आपल्याकडच्या क्रिकेटसारखं त्याचं वेड.

तिथल्या ब्रिस्बेन ब्राँकोज क्लबची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९८८ मध्ये क्लब सुरू झाला तेव्हापासून वेन बेनेट हे त्याचे प्रशिक्षक. एकवीस हंगामांत सहा अजिंक्यपदं. २००८ नंतर ते गेले, २०१५ मध्ये परत आले आणि डिसेंबर २०१८ मध्ये क्लबने त्यांना घरी पाठवलं. पुढच्या हंगामानंतर ते प्रतिस्पर्धी साउथ सिडनीकडे जाणार होतेच, मग आणखी एक वर्ष कशाला, असा हिशोब. त्यांच्या जागी साउथ सिडनीचेच तरुण कोच अँथनी सीबोल्ड आले. दोन वर्षांत काय झालं? २०२० मध्ये ब्राँकोज इतिहासात पहिल्यांदा तळाला गेला, सीबोल्ड हंगाम संपायच्या आत बाहेर पडले. आणि म्हातारे बेनेट? त्यांनी २०२१ मध्ये साउथ सिडनीला अंतिम सामन्यात नेलं. तिथे अवघ्या दोन गुणांनी हार झाली.

तेव्हा बोध हाच, की जुना गुरू सोडू नये? थांबा, गोष्ट संपलेली नाही. ब्राँकोजने मग बेनेट यांच्याच हाताखाली खेळलेल्या केव्हिन वॉल्टर्सना आणलं. त्यांनी संघाला २०२३ च्या अंतिम सामन्यात पोचवलं. पुढचा हंगाम बिघडला आणि २०२४ मध्ये त्यांनाही निरोप. अन्याय झाला, असं अनेकांना वाटलं. पण नवे कोच मायकेल मॅग्वायर यांनी पहिल्याच वर्षी, २०२५ मध्ये, अजिंक्यपद आणून दाखवलं! म्हणजे एकाच क्लबने एकदा कोच बदलून खड्ड्यात उडी घेतली आणि दुसऱ्यांदा कोच बदलूनच शिखर गाठलं.

मग क्लब इतक्या घाईने कोच का काढतात? उत्तर साधं आहे. तेरा खेळाडूंना एकदम काढता येत नाही, त्यांचे करार असतात. संचालक स्वतःला काढत नाहीत. राहतो तो एकटा कोच. शिवाय प्रेक्षकांना काहीतरी घडल्याचं समाधान मिळतं.

आणि ते समाधान पुष्कळदा फसवं असतं. बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाने हॉलंडच्या फुटबॉल लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या हंगामांचा अभ्यास केला. कोच काढल्यावर संघ सुधारतो, हे त्यांना दिसलं. पण जे संघ तितकेच घसरले होते आणि तरीही ज्यांनी कोच ठेवला, तेही जवळपास तितकेच सुधारले! घसरलेला संघ बहुधा आपसूकच वर येतो. तापावर औषध घेतलं आणि ताप उतरला, म्हणून प्रत्येक वेळी श्रेय औषधाचंच असतं असं नाही.

काढलेली कोच, मिळालेलं पदक

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर याहून बोलकं उदाहरण घरातच आहे. टोकियो ऑलिंपिकला भारताचे पंधरा नेमबाज गेले आणि रिकाम्या हाती परतले. देशभर ओरड झाली. नेमबाजी संघटनेने प्रशिक्षकांचा जुना संच बदलला. त्यात मुंबईच्या दीपाली देशपांडेही होत्या, स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. पद गेलं, पण शिष्य गेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे त्यांच्याकडे शिकतच राहिला. १ ऑगस्ट २०२४ रोजी या रेल्वेच्या तिकीट तपासनिसाने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझपदक जिंकलं. देशपांडे मॅडमना तो आईच्या जागी मानतो.

संघटनेच्या वहीत ज्या नावावर काट मारली गेली होती, त्याच नावाने पदक आणलं. वही खोटी होती का? तसंही नाही. टोकियोत पदक नव्हतं हे खरंच होतं. फक्त वहीत जे मोजलं गेलं, त्यापेक्षा जास्त काहीतरी त्या रेंजवर घडत होतं.

आता होन आणि देशपांडे ही दोन नावं शेजारी ठेवा. दोघांनाही टोकियोच्या निकालावरून दूर केलं गेलं. एका बाबतीत निर्णय बहुधा योग्य ठरला, दुसऱ्यात चुकला. फरक कुठे पडला? होन यांच्याकडून देशाचा सर्वोत्तम शिष्य दोन वर्षं आधीच उठून गेला होता, तोही पदकं मिळत असताना. देशपांडे यांच्याकडचा शिष्य पद गेल्यावरही हलला नाही. उत्तर पदकांच्या तक्त्यात नव्हतं, शिष्याच्या पावलांत होतं.

म्हणूनच कोच ठेवावा की काढावा, याची पहिली साक्ष घ्यावी ती रोज सकाळी त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या खेळाडूची. ‘पदक का नाही आलं?’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारावं, या माणसाचं शिकवणं तुझ्या अंगाला लागतं का? दुखलं-खुपलं तर त्याला सांगायची हिंमत होते का? आणि कोचला विचारावं, जे मागितलं ते वेळेवर मिळालं का? या उत्तरांनंतर निकालाचा तक्ता उघडला, तर त्यातला आकडा काहीतरी सांगतो. नाहीतर तो नुसताच ओरडतो.

निकालावर विसंबणं किती धोक्याचं, हे २०२५ मध्ये पुन्हा दिसलं. पंचाहत्तरी गाठलेले बार्टोनिट्झ २०२४ च्या हंगामानंतर घरच्यांसाठी जर्मनीला परतले. त्यांच्या खात्यावर टोकियोचं सुवर्ण, २०२३ चं जगज्जेतेपद आणि पॅरिसचं रौप्य. त्यांच्यानंतर नीरजने निवडले ते यान झेलेझनी. तीन ऑलिंपिक सुवर्णांचे मानकरी, ९८.४८ मीटरचे विश्वविक्रमवीर. मे २०२५ मध्ये दोहा इथे नीरजचा भाला पहिल्यांदा नव्वदीपार गेला, ९०.२३ मीटर! काय कोच निवडला, असं जो तो म्हणाला. सप्टेंबरमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत नीरज आठवा आला, फेक ८४.०३. लगेच कुजबुज सुरू, कोच चुकला की काय? गुरू तोच, शिष्य तोच, मध्ये चारच महिने. बदललं होतं ते इतकंच, की स्पर्धेच्या तोंडावर नीरजची पाठ दुखावली होती. तक्त्यात पाठदुखीला रकाना नसतो.

हा प्रश्न फक्त ऑलिंपिकवाल्यांचा नाही, घरोघरचा आहे. सहामाहीला गणितात बारा गुण कमी पडले की क्लास बदलायचा. गाण्याच्या परीक्षेत वरची श्रेणी मिळाली नाही की बाई बदलायच्या. कॅरम, बुद्धिबळ, पोहणं... सगळीकडे तेच. कधी बदलणं गरजेचंही असतं. क्लासला जायच्या वेळी मुलाचं रोज पोट दुखत असेल, तर गुण चांगले असूनही तो क्लास सोडावा. आणि गुण कमी पडूनही मूल सरांचं नाव काढताच खुलत असेल, तर एक सहामाही कळ काढावी. पण हे कळायला मुलाला विचारावं लागतं, आणि तेवढी उसंत बहुतेक घरांत नसते.

खंडऱ्याच्या घराने ती काढली. काकांनी पोराला मैदानावर आणलं होतं वजन उतरवायला. पोराने भाला उचलल्यावर त्यांनी हट्ट धरला नाही. पंचकुला, पतियाळा, परदेश, जसजशी गरज बदलली तसतसा गुरू बदलू दिला. आणि नीरजने सोडलेल्या गुरूंविषयी उणा शब्द काढला नाही.

पानिपतचं ते शिवाजी स्टेडियम आजही तिथे आहे. जयवीरने त्या पोराला जेमतेम वर्षभर शिकवलं असेल. विक्रमांच्या तक्त्यात त्या वर्षाला जागा नाही, पण भाला हातात आला तो त्याच वर्षी. महासंघाची कुठलीही बैठक जयवीरला कधी ‘ठेवायचं की काढायचं’ यावर बसली नसेल, आणि तरीही गुरूंच्या यादीतलं पहिलं नाव त्याचंच आहे.